हाताला एक जोंधळा

तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच तर माझी थाप मारायची ताकद म्हातारपणी कमी झाली असं मी समजेन. पण मी माझ्या बापाचे एकेचाळीस नांगर जाळले, आणि त्या जाळातून हा कारखाना निघाला.

गेल्या अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कारखान्याला पन्नास वर्षं झाली. फाटकावर पत्र्याची पाटी लावायची ठरली आणि ती रंगवायला त्याच दिवशी तालुक्याहून एक पेंटर आला. पोरगेलासा, कानावर पेन्सिल, शर्टावर सगळ्या पक्षांचे रंग. जेवणाची सुट्टी झाली होती. करंजाच्या सावलीत कामगारांनी डबे उघडले होते. पेंटर डबा-ब्रश घेऊन माझ्यापुढं उकिडवा बसला.

"नाना, कारखाना काढणाऱ्यांची नावं सांगा."

"लिही. पहिली ओळ, सटवाजी सुतार. माझा बाप. दुसरी, हैबती लोहार. तिसरी, येसू सुतार. म्हणजे मी. चौथी ओळ मोकळी ठेव."

"मोकळी? कुणाची हाय?"

"गोष्ट ऐकलीस तर कळंल. गोष्टीत एक थाप हाय. पन्नास वर्षांत ती कुणी धरली न्हाई. धरली की ओळ भरंल."

"नानांच्या गोष्टीत एकच थाप?" आमचा जुना मोल्डर शिवाप्पा भाकरी मोडता मोडता म्हणाला. "पेंटर, तू पाटी मोठी घे."

सगळे हसले. जरा पलीकडं तान्हूवैनी वाळू चाळत बसली होती, ती तेवढी हसली नाही. तान्हूवैनी म्हणजे कुंभाराची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. रोज सकाळी काठी टेकत कारखान्यात येते, साच्याची वाळू चाळते आणि दुपारी जाते. कशाला येता म्हणून तिला विचारायची मॅनेजरचीसुद्धा छाती नाही. तिची चाळणी खस खस चालली होती. मी घसा साफ केला.

*

आमच्या आंबेखिंडीचं रान काळं आणि त्यात हरळी. हरळी म्हणजे गवत म्हणतात लोक. ज्यानं ती उपटली नाही तोच तिला गवत म्हणेल. आमच्या हरळीच्या मुळ्या एवढ्या खोल की खालच्या गावची विहीर खोदताना त्या वरून लोंबत होत्या. दौलूतात्या पाटलाचा एक बैल हरळीत पाय अडकून तीन दिवस उभा होता. तिथंच वैरण घालायचे त्याला.

असल्या रानात लाकडी नांगर चालवायचा तर आठ बैल लागायचे. पुढं दोन माणसं, मागं एक, आणि सगळ्यांच्या मागं माझा बाप, तासणी घेऊन. कारण नांगर रोज मोडायचा. आज दांडी, उद्या जू. बाभळीचं लाकूड झालं तरी किती सोसणार? आबा मोडलेलं सांधून द्यायचा, आणि वर्षाकाठी खळ्यावर टोपलं घेऊन उभा राहायचा. ज्याच्या त्याच्या राशीतनं सुताराचा वाटा टोपल्यात पडायचा. हेच आमचं बलुतं. गावाचे नांगर मोडायचे म्हणून आमची चूल पेटायची.

मग दौलूतात्यानं लोखंडी नांगर आणला.

म्हाताऱ्यांनी सांगितलं, लोखंडानं जमीन नासते. तात्यानं ऐकलं नाही. चार बैल जुंपले आणि दिवसभरात हरळी अशी उलथी केली की मुळ्या आभाळाकडं. रानातले उंदीर बिळं सोडून शेजारच्या गावाला गेले, तिथल्या लोकांनी आमच्यावर फिर्याद करायचीच बाकी ठेवली होती. पुढच्या वर्षी दहा लोखंडी नांगर आले. पाच वर्षांत गावात लाकडी नांगर उरला नाही. लोकांनी ते फेकले मात्र नाहीत. सुतारानं दिलेलं ते सुताराकडं, असं म्हणून एकेक करत आमच्या अंगणात आणून टेकवले. चाळीस. एकेचाळिसावा आबाचा स्वतःचा. पहिला केलेला. अखितीला गावाच्या नांगरटीचं पहिलं तास त्याच नांगरानं पडायचं, तेवढा मान राहिला होता.

त्या वर्षी आबा खळ्यावर टोपलं घेऊन गेला. मी बरोबर होतो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा.

दौलूतात्या राशीवर बसला होता. चांगला माणूस. पण चांगल्या माणसालाही रास समोर असली की हिशेब सुचतो.

"सटवाजी," तो म्हणाला, "औंदा माझं काय काम केलंस?"

आबानं टोपलं या हातातनं त्या हातात घेतलं.

"नांगर मोडला न्हाई. मोडतच न्हाई. मग वाटा कशाचा द्यायचा, सांग बरं तूच."

आबानं टोपलं उलटं केलं, बगलेत मारलं आणि घराकडं चालू लागला. घरी आल्यावर टोपलं खुंटीला अडकवून एवढंच म्हणाला, "पोट भरायला आपल्याला गावाचं वंगाळ व्हायला लागत हुतं व्हय रं?"

तो प्रश्न मी अजून विसरलो नाही.

पण लोखंडालाही मरण असतं. फाळ झिजतो. दगडावर बसला तर टाचेपासून तडकतो. तात्याच्या नांगराचे फाळ लांबच्या कारखान्यातून यायचे. आणि तेवढ्यात मोठी लढाई पेटली. लोखंड सगळं तोफेला जायला लागलं. फाळ यायचे बंद झाले. पहिल्या वर्षी लोकांनी झिजलेल्या फाळावर रेटलं. दुसऱ्या वर्षी गावात तेवीस लोखंडी नांगर, आणि धड फाळ चार.

तुम्ही म्हणाल, लाकडी नांगर काढायचे की परत. आमच्या अंगणात होते ना चाळीस! पण त्यांना आठ बैल लागत. लोखंडी नांगर आल्यावर लोकांनी निम्मे बैल विकून टाकले होते. वैरणीच्या जागी भुईमूग आणि ऊस लावला होता. मागं जायची वाटच मोडली होती. हरळी मात्र होती तिथंच. ती वाट बघत होती.

पारावर गाव जमलं. दौलूतात्या म्हणाला, "सुतार-लोहारांनी कायतरी करावं. न्हाईतर अखितीपासनं सुताराचं बलुतं बंद. ती जागाबी गावाला मोकळी करून द्यावी. तिथं दुसरा कारागीर आणून बसवू. लोखंडातला."

जागा म्हणजे आमचं घर आणि अंगण. बलुतेदाराची जागा गावाची असते.

आबा मान खाली घालून बसला होता. त्याची ती मान मला बघवेना. मी उभा राहिलो.

"अखितीला फाळ देतो," मी म्हणालो. "ओतीव. तुमच्या नांगराला बसंल असा. न्हाई बसला तर आमी जागा सोडू, तुमी सांगायच्या आधी."

सगळा पार हसला. हैबती लोहार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "येशा, ओतीव लोखंड पाण्यागत पातळ व्हावं लागतं. माझ्या भात्यानं ते लालबी हुणार न्हाई."

"मग मोठा भाता करू."

"आणि कोळसा?"

मी आमच्या अंगणाकडं बघितलं. चाळीस नांगर. जुनी, वाळलेली, मण-मण वजनाची बाभूळ. तिच्या कोळशाची आच दगड फोडते.

*

अखितीला दोन महिने होते.

ओतकामाला आधी लाकडाचा फर्मा लागतो. हुबेहूब फाळासारखं लाकूड. तो फर्मा वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, जो पोकळ ठसा राहतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. म्हणजे लोखंडाच्या फाळाला आधी सुतारच लागतो! हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी दिवसभर एकटाच हसत होतो. मी तात्याच्या तुटक्या फाळाचे दोन तुकडे जुळवले, कैवाराच्या, म्हणजे कंपासाच्या, टोकानं एकेक माप घेतलं आणि सागाचा फर्मा असा केला की दोन्ही शेजारी ठेवले तर तात्याची म्हैस फर्म्याला अंग घासायची आणि फाळ सोडून द्यायची.

भट्टीची माती तान्हूवैनीनं दिली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. कुंभारवाड्यात एकटी बाई, कौलं थापून आणि भाजून पोट भरायची. कुठल्या ओढ्याची माती जाळ सोसते, कुठली फुटते, हे तिला बोटानं कळायचं. छातीएवढी उंच भट्टी तिनं चार दिवसांत लिंपून दिली. वर भेगा बघायला सकाळ-संध्याकाळ येऊन जायची.

वाऱ्याला हैबतीनं सहा भाते एका आसावर चढवले आणि तो आस उसाच्या गुऱ्हाळाचा चरक फिरवतात त्या लाकडी लाटेला जोडला. बैल गोल फिरायचे आणि भाते फुगायचे. बैलांना वाटायचं रस निघतोय. तोंड खाली करून करून बघायचे.

आणि मग मी कुऱ्हाड घेतली.

आबा ओट्यावर बसून होता. पहिला नांगर फोडला तेव्हा तो म्हणाला, "हा बयाजी मानेचा. वीस साली केल्याला." दुसऱ्याला म्हणाला, "हा आंधळ्या कोंडीबाचा. त्याला दिसायचं न्हाई म्हणून रुमणं जरा जाड ठेवलं हुतं, हाताला लागाय." अठरा नांगर फोडले. अठराही वेळा त्यानं नाव घेतलं. मला 'नको' मात्र एकदाही म्हणाला नाही.

पहिली भट्टी पेटली तेव्हा एवढा धूर झाला की भर दुपारी कावळे घरट्यात गेले आणि शाळा सुटली. गावातलं मोडकं लोखंड, फुटके फाळ, कढया आत टाकल्या. दुपार कलताना हैबतीनं भोक फोडलं आणि ते आलं! पाणी! खरोखर पाणी, फक्त बघवत नव्हतं. साच्यात ओतलं. थंड झाल्यावर वाळू झटकली. फाळ निघाला तो असा देखणा की हैबतीच्या डोळ्यांत पाणी. नंतर म्हणाला धुरानं.

वाजत-गाजत पाटलाच्या वाड्यावर नेला. नांगर मांडून ठेवलेला. फाळाला दोन भोकं असतात, दोन बोल्टांनी तो नांगराला आवळतात. मी पहिला बोल्ट घातला. गेला. दुसरा घातला. गेला नाही. फाळाचं भोक नांगराच्या भोकासमोर येईचना. केस-दोन केस अलीकडं. दुसरा आधी घातला, तर पहिला जाईना. ओतीव लोखंड, कानसेला दाद देईना. ठोकलं तर तडकणार.

"येसू," दौलूतात्या म्हणाला, "एका बोल्टावर नांगरायचं का? का तू धरून चालणार बरोबर?"

लोक हसून हसून भिंतीला टेकले. तात्याची म्हातारी आई मात्र हसली नाही. ती ओट्यावरनं म्हणाली, "भट्टीला पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात लागला. अखितीचं काम ते. कसा बसंल फाळ?"

हसणं थांबलं. सगळ्यांना एकदम कारण मिळालं. मग तात्याही म्हणाला, "तिला भट्टीकडं येऊ देऊ नका. तिचा हात लागल्याला फाळ माझ्या रानात जाणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो."

मी काय म्हणालो? काहीच नाही. हे मी गोष्टीत नेहमी पटकन सांगून पुढं जातो.

दुसऱ्या दिवसापासून तान्हूवैनी भट्टीकडं आली नाही.

मी पुन्हा फर्मा केला. पहिल्यापेक्षा काटेकोर. केसाला केस लावून. सुताराची अक्कल ती. माप चुकलं तर आणखी बारीक मोजायचं, एवढंच तिला ठाऊक. पंधरा नांगर फोडले. आबानं पंधरा नावं घेतली. दुसरी भट्टी लावली. फाळ निघाला, पहिल्यापेक्षा देखणा. आणि भोक पुन्हा तेवढंच अलीकडं. कमी नाही, जास्त नाही. तेवढंच.

"तुझा फर्मा वाकडा," हैबती म्हणाला.

"तुझं लोखंड वाकडं," मी म्हणालो.

"लोखंड पाणी हुतं गाढवा! पाणी वाकडं कसं आसंल?"

दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. आबानं मधे पडून सोडवली. अखितीला आठ दिवस उरले होते, आणि अंगणात सात नांगर. आईनं भांडी बांधायला घेतली होती. मी ती परत मांडून ठेवली. तिनं पुन्हा बांधली. मी पुन्हा मांडली.

*

"आता चिमणी येणार," शिवाप्पा पेंटरला म्हणाला.

"कसली चिमणी?"

"गप ऐक," मी म्हणालो.

भट्टी आतून फुटली होती. लिंपायला माती हवी, म्हणून मी कुंभारवाड्यावर गेलो. सकाळची वेळ. अंगणात एकीकडं कच्ची कौलं वाळत घातलेली, एकीकडं भट्टीतून काढलेली भाजकी. मी दोन्ही फाळ मांडीवर घेऊन लिंबाखाली बसलो आणि त्यांना शिव्या घालायला लागलो. घरात तान्हूवैनी होती की नव्हती, माझं लक्ष नाही. तेवढ्यात लिंबावरनं एक चिमणी उतरली.

साधी नव्हती. आमच्याकडची चिमणी पंतोजीसारखी चालते. ती आधी कच्च्या कौलावर बसली. मग उडून भाजक्या कौलावर बसली. परत कच्च्यावर. आणि माझ्याकडं मान वाकडी करून बघायला लागली, जसं काही म्हणतेय, अरे टोणग्या, डोळे हायेत का?

मी उठलो. कच्चं कौल भाजक्यावर ठेवलं. एकाच साच्यातली दोन्ही, आणि कच्चं बोटभर मोठं! का? तर माती आगीतनं निघाली की आकसते. कुंभार हे जाणून असतो. म्हणून साचाच मोठा करतो. आणि मी? मी लोखंडाचं माप लाकडासारखं धरून बसलो होतो. लाकूड आगीतनं जात नाही. गेलं तर परत येत नाही. मग त्याचं आकसणं सुताराला कुठनं कळणार?

"व्हय, पण लोखंड किती आकसतं?" मी चिमणीला विचारलं.

"चिमणीला इचारलं!" पेंटर म्हणाला.

"मग दुसरं कोण हुतं तिथं?"

चाळणी खस खस चालली होती. मी पुढं गेलो.

चिमणीनं उत्तर दिलं नाही. नवी माती आली की कुंभार आधी एक पट्टी भाजून बघतो, एवढं मात्र मला त्या वेळी कसं कोण जाणे, कळलं. मी पळत हैबतीकडं गेलो. एक हात लांब लाकडी पट्टी कापली. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हैबतीनं मुशीत थोडं लोखंड वितळवलं आणि त्या पट्टीच्या ठशात ओतलं. थंड झाली तशी ती लोखंडी पट्टी आणि लाकडी पट्टी घेऊन मी परत लिंबाखाली आलो...

"परत कुंभारवाड्यावर? कशाला?" पेंटर म्हणाला.

"चिमणी तिथं हुती म्हणून!"

दोन्ही पट्ट्या कौलावर शेजारी ठेवल्या. एक टोक जुळवलं. दुसऱ्या टोकाला लोखंड आखूड. सुतारकीत सगळ्यात लहान माप म्हणजे सूत. ती फट एका सुताहून मोठी आणि दोन सुतांहून लहान. तिला माझ्याकडं नावच नव्हतं. मी डोकं धरून बसलो. चिमणी उडाली, घरात गेली, शिंकाळ्याखालच्या सुपातनं जोंधळ्याचा एक दाणा चोचीत धरून आणला आणि त्या फटीत टाकला.

टच. दाणा फटीत चपखल बसला. वर नाही, खाली नाही.

हाताला एक जोंधळा. लोखंड हातभर लांब हवं असेल, तर फर्मा हातभर आणि वर एक जोंधळा लांब करायचा. बास. परवा नव्या इंजिनिअर साहेबांनी पुण्याहून ओतकामाची पोलादी पट्टी आणली, खास आकसणं धरून आखलेली. मी माझी मापाची काठी तिच्या शेजारी ठेवली. रेघेला रेघ. साहेब म्हणाले, नाना, ही तुम्ही कुठनं आणली? मी म्हणालो, खळ्यावरनं.

*

मापाचा नवा गज केला. जोंधळ्याचा गज. त्यानं तिसरा फर्मा केला. पण अंगणात सात नांगर, आणि हैबती मान हलवत होता. "पुरणार न्हाईत. अर्ध्यात लोखंड गोठंल. आणि ह्या खेपेला भट्टीत गोठलं तर भट्टीच फोडावी लागंल."

अखितीची पहाट होऊन उन्हं वर आली होती. बैल लाटेला जुंपलेले. सातही नांगर आत गेलेले. लोखंड लाल झालं, पांढरं झालं, पण पाणी होईना. कोळसा संपत आला. हैबती माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना.

तेवढ्यात अंगणातनं कुऱ्हाडीचा आवाज आला.

आबा. एकेचाळिसावा नांगर आडवा टाकून तो फोडत होता. त्या दिवशी सकाळी गावाचं पहिलं तास ज्यानं पडायचं, तो.

"आबा, त्यो नगं!" मी ओरडलो. पहिल्यांदा मीच 'नको' म्हणालो.

"का? ह्याला नाव न्हाई म्हणून?" आबा म्हणाला. घामानं निथळत होता. "हा सटवाजी सुताराचा. घाल आत."

कोळसा करायला वेळ नव्हता. तसंच लाकूड घातलं. बैल पळवले. आणि ते झालं. पाणी झालं.

फाळ वाड्यावर नेला तेव्हा वाजंत्री नव्हती. हसायला मात्र सगळं गाव आलं होतं. पहिला बोल्ट गेला. मी दुसरा हातात घेतला. तो आबानं माझ्याकडनं घेतला आणि भोकाला लावला. बोटानं सुद्धा रेटावा लागला नाही. आपल्या वजनानं आत गेला.

दौलूतात्यानं बैल जुंपले, रानात नेले आणि पहिलं तास त्या फाळानं घातलं. हरळीची मुळी कट्कन तुटल्याचा आवाज बांधावर ऐकू आला. खालच्या गावालाही गेला असेल.

तासाच्या शेवटाला तात्यानं बैल थांबवले. "सटवाजी," तो म्हणाला, "माझी चूक झाली. सुताराचं बलुतं चालू."

आबानं मान वर केली. "नगं तात्या. बंद केलंत ते बंदच असू द्या. तुमचं मोडंल तवा आमचं भरंल, असं काम आता नगं. फाळ घ्या, फाळाचं मोल द्या. पुढच्या गावालाबी देऊ."

त्याच दिवशी दुपारी सहा माणसं आमच्या अंगणात आली. आठ बैलांच्या नांगरापुढं चालणारी, लोखंडी नांगर आल्यापासून रिकामी बसलेली. म्हणाली, भात्यावर घ्या. अंगण रिकामं झालंच होतं. कारखाना तिथं उभा राहिला.

संध्याकाळी पारावर तात्यानं मला विचारलं, "पर येसू, हे जोंधळ्याचं तुला सुचलं कसं?"

मी पहिल्यांदा चिमणी तिथं सांगितली. सगळे हसले. येशाची थाप म्हणून सोडून दिलं. तात्याच्या आईनंही सोडून दिलं. फाळ रानात राहिला.

आबा एकटा हसला नाही. घरी आल्यावर त्यानं खुंटीवरचं टोपलं काढलं. आपल्या वाट्याला त्या वर्षी जो काही जोंधळा होता, त्यातनं ते काठोकाठ भरलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"चिमणीला नेऊन दे," तो म्हणाला. "दर अखितीला देत जा. इसरू नगंस."

पन्नास वर्षांत एक अखिती चुकवली नाही मी. आज सकाळीही देऊन आलो.

*

मी थांबलो. शिवाप्पा डबा घासत होता. पेंटर ब्रश हातात धरून तसाच बसला होता. चौथी ओळ मोकळी होती.

"आवडली," तो म्हणाला. "पर थाप कुठली ते कळंना. धूर? म्हैस? बैल?"

"धूर हुताच," मी म्हणालो.

"नाना, एक इचारू?" तो डोकं खाजवत म्हणाला. "चिमणी एका वेळेला चार दाणे खाणार. तुमी टोपलंभर जोंधळा देता. पन्नास वर्षं. ही चिमणी हाय तरी केवढी?"

मला बोलता येत नव्हतं. चिमणी सांगायची ही अट मला लिंबाखाली घातलेली होती, आणि ती मोडायचा हक्क माझा नव्हता. मी नुसता करंजाकडं बघत बसलो. डबे वाजायचे थांबले. मग मला जाणवलं, चाळणीही थांबलीय.

"माझ्याएवढी," तान्हूवैनी म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं हातावरची वाळू झटकली, काठी ओढून घेतली आणि पेंटरकडं बघून मोठ्यानं, आख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"खोटं बोलतोय त्यो. चिमणी न्हवतीच. मी हुते."